खान्देशातल्या गावांत साठीपुढच्यांचा सर्व्हे: वय, चूल आणि उत्तर देणारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ग्रामीण ज्येष्ठांचा सर्व्हे करायचा आहे. नमुना २०० जणांचा, हातात चार महिने. प्रश्नावली तयार आहे, बरीचशी एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून घेतलेली. विचारलंय की विश्लेषणासाठी कोणत्या चाचण्या वापराव्यात.

चाचण्यांचं नंतर पाहू. असले प्रबंध विश्लेषणात क्वचितच फसतात. ते फसतात प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर. माणसाचं वय किती, तो कोणाबरोबर राहतो आणि ही माहिती नेमकी कोणी दिली, हे तीन रकाने चुकले की पुढचं सगळं गणित सुबक दिसूनही पोकळ राहतं. म्हणून उत्तराचा बराचसा भाग या तिन्हींवरच खर्च करतो.

आधी वय. आज साठीपुढे असलेल्या ग्रामीण माणसाकडे, बाईकडे तर नक्कीच, जन्माचा दाखला बहुधा नसतो. आधार कार्ड असतं आणि नवखा सर्वेक्षक त्यावरची तारीख उतरवून मोकळा होतो. तारीख १ जानेवारी किंवा १ जून असेल तर ती अंदाजाची समजा. पहिली बहुतेक वेळा नोंदणीच्या टेबलावर ठरलेली असते, दुसरी गुरुजींनी शाळेत नाव घालताना. त्यात योजनांच्या वयोमर्यादांची ओढ असते. श्रावणबाळ योजनेला ६५ लागतात, पुरुषांना एसटीच्या अर्ध्या तिकिटाला ६५, मोफत प्रवासाला ७५, आयुष्मानच्या ज्येष्ठांच्या कार्डाला ७०. त्यामुळे ६१-६२ ची माणसं कागदावर ६५ ची होतात आणि ७२ ची ७५ ची. यात लबाडी शोधत बसू नका. वय नक्की कोणालाच ठाऊक नसेल, तर उपयोगाचा आकडा पुढे येणारच.

यासाठी प्रश्नावलीत वयाचे तीन रकाने ठेवा: सांगितलेलं वय, कागदावरचं वय (कोणता कागद तेही) आणि घटनांवरून काढलेलं वय. तिसऱ्यासाठी घटनांचं कॅलेंडर लागतं आणि ते आपल्या भागाचं हवं. खान्देशात सगळ्यात कामाचा टप्पा १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोची लाल ज्वारी हे त्या पिढीत सहसा कोणी विसरलेलं नाही. २०२६ साल धरलं तर आज ६० चा माणूस तेव्हा सहा वर्षांचा होता, ६५ चा अकरा, ७० चा सोळा आणि ७५ चा एकवीस. आता विचारायचं कसं ते पाहा. ‘दुष्काळात तुमचं वय काय होतं?’ असं विचारलं तर पुन्हा अंदाजच मिळेल. त्याऐवजी असं विचारा:

‘दुष्काळाच्या कामावर तुम्ही स्वतः गेलात की माय-बाप गेले आणि तुम्ही घरी?’
‘हजेरीत तुमचं नाव वेगळं होतं का?’
‘तेव्हा लग्न झालं होतं? कडेवर मूल होतं?’

कडेवर मूल घेऊन खडी फोडलेली बाई आज सत्तरीच्या आत असणं अवघड. उलट ‘मी लहान होते, मायबरोबर जायची, सुकडी खायला मिळायची’ म्हणणारी बाई ७५ ची असेल असं वाटत नाही, कार्ड काही म्हणो. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांसाठी आधीच्या खुणा घ्या: १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, १९६२ ची चीनची लढाई, १९६४ ला नेहरू गेले. नव्वदीच्या दाव्यासाठी गांधीजींची हत्या (३० जानेवारी १९४८) आणि नंदुरबारकडे शिरीषकुमार ज्यात शहीद झाला तो गोळीबार (९ सप्टेंबर १९४२). फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९३६ चं. ते स्वतः पाहिल्याचं आणि आठवत असल्याचं कोणी सांगितलं, तर वय ९५ च्या आसपास किंवा पुढे हवं. नाहीतर ती घरात ऐकलेली आठवण आहे. तापीकाठच्या नवापूर-नंदुरबार पट्ट्यात उकाई धरणाच्या पाण्यात जमिनी गेल्या तो काळ हाच दुष्काळाच्या आगचा-मागचा, तिथे ती खूण जास्त चालते. शेवटी थोरल्या मुलाचं वय विचारून ताळा करा. थोरला ५५ चा आणि आई ६२ ची, असं नोंदवहीत दिसलं तर सर्वेक्षकाला परत पाठवा. फक्त एक लक्षात घ्या: थोरलं मूल म्हणजे हयात असलेलं थोरलं, असं लोक धरून चालतात. ‘त्याच्या आधी काही झालं होतं का’ हे हळू आवाजात आणि वेगळं विचारावं लागतं.

एवढं करूनही आकडे शून्य आणि पाचवर साचतातच. किती साचले ते मोजा. वयाचा शेवटचा अंक ० किंवा ५ असलेली माणसं साधारण वीस टक्के असायला हवीत, म्हणजे २०० मध्ये चाळीसएक. नव्वद-शंभर निघाली तर वर्षावर्षाचं विश्लेषण विसरा. वयं ० आणि ५ वर किती साचली ते मोजणारा व्हिपल निर्देशांक सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो २३ ते ६२ या वयांवर बेतलेला आहे. वृद्धांच्या नमुन्याला तो सरळ लावून परीक्षकांपुढे नेऊ नका. गट दहा-दहा वर्षांचे ठेवा: ६०–६९, ७०–७९ आणि ८० च्या पुढे. आणि घरयादी करताना ५५ च्या पुढचे सगळे लिहून घ्या. ५८ सांगणारी बाई ६२ ची निघते, हे यादीत ती असेल तरच कळणार.

आता चूल. जनगणनेत आणि सरकारी पाहण्यांत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. व्याख्या चांगली आहे, पण म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत खान्देशातल्या गावात ती तीन प्रकारे अडते.

पहिला प्रकार: एकाच घरात दोन चुली. भिंतीपलीकडे मुलगा-सून, अलीकडे म्हातारा-म्हातारी वेगळं रांधतात. कागदावर ही जोडी ‘फक्त पती-पत्नी’ अशी पडते आणि प्रबंधात ‘मुलांनी सोडलेले’ म्हणून मोजली जाते. प्रत्यक्षात भाकरी वेगळी असली तरी दळण, दवाखाना आणि रात्रीची सोबत मुलाकडूनच असते. दुसरा प्रकार पाळीचा: दोन-तीन मुलं, बाप महिना-महिना एकेकाकडे. कधी बाप एकाकडे आणि आई दुसऱ्याकडे, वाटणीतच ठरलेलं. तुम्ही गेलात त्या दिवशी तो ज्याच्याकडे होता तेच त्याचं कुटुंब ठरतं. दोन घरं नमुन्यात आली तर तोच माणूस दोनदा येतो किंवा दोन्हीकडून ‘तो भावाकडे असतो’ म्हणून एकदाही येत नाही. तिसरा प्रकार हंगामी. साक्री, नवापूर, धडगाव, अक्कलकुवा या भागातली कामकरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला जातात आणि होळी-अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. जानेवारीत पाड्यावर गेलात तर म्हातारी आणि नातवंडं एवढीच दिसतील. अखाजीला गेलात तर तेच घर भरलेलं, माहेरवाशिणींसकट. त्याच पाड्याबद्दल ‘एकट्या वृद्धांचं प्रमाण प्रचंड’ आणि ‘संयुक्त कुटुंब टिकून’ असे दोन्ही निष्कर्ष काढता येतील, फक्त महिना बदलायचा.

यावर उपाय म्हणजे ‘कोणाबरोबर राहता?’ हा एक प्रश्न मोडून चार करायचे. काल रात्री कोणत्या छपराखाली झोपलात? काल रात्रीचं जेवण कोणाच्या चुलीवरचं? गेल्या पोळ्यापासून आजपर्यंत किती महिने कोणाकडे होतात? अर्ध्या रात्री दुखलं-खुपलं तर पहिली हाक कोणाला आणि तो किती लांब राहतो? या चार उत्तरांतून राहणीचे प्रकार नंतर तुम्हाला हवे तसे बांधता येतात. एकाच प्रश्नाच्या उत्तरातून ते परत उकलता येत नाहीत. मुलाखतीचा महिना प्रत्येक फॉर्मवर लिहा आणि नंदुरबारचं काम एकाच हंगामात उरकू नका. चार महिने हातात असतील तर निम्मे पाडे फेब्रुवारीत आणि निम्मे अखाजीनंतर, असं जमवता येईल. नाहीच जमलं तर ‘स्थलांतराच्या हंगामातली स्थिती’ असं प्रबंधात स्पष्ट लिहा.

एप्रिल-मे ठेवलाच तर मुलाखती सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी दोनला ऐंशीच्या माणसाला ओट्यावर तासभर बसवणं बरोबर नाही. शिवाय थकलेल्या माणसाची शेवटची वीस उत्तरं ‘हो’ असतात.

तिसरी गोष्ट, उत्तर कोण देतं. तुम्ही आजीला विचारता, सून उत्तर देते. आबांना विचारता, मुलगा म्हणतो, ‘त्यांना ऐकू येत नाही, मी सांगतो.’ घरात किती खोल्या, शेत किती, रेशन कार्ड कोणतं, एवढ्यापुरतं हे चालेल. मन, भूक, पैसा, घरातली वागणूक हे भाग दुसऱ्याच्या तोंडून घेतले तर ते टाकून द्यावे लागतात. मुलाखतीला दोघांनी जावं, जमल्यास एक बाई. एकाने घरच्यांना घेऊन घराचा भाग भरायचा, तेवढ्यात दुसऱ्याने म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं. पारावर, मंदिराच्या ओट्यावर, शेतातल्या खोपीत मुलाखत घ्यायला हरकत नाही, उलट पुरुष तिथेच मोकळे बोलतात. बाईला मात्र घराबाहेर काढून बसवलं तर साऱ्या गल्लीचे कान तिकडे लागतात. तिच्यासाठी मागची पडवी किंवा निवडण-टिपण चालू असतानाची वेळ बरी. प्रत्येक भागाच्या शेवटी एक चौकट ठेवा: कोण हजर होतं, कोण मध्ये बोललं. विश्लेषणात हा रकाना सोन्यासारखा उपयोगी पडतो. सून हजर असताना आणि नसताना ‘जेवण वेळेवर मिळतं का’ याची उत्तरं वेगळी करून पाहा, मग प्रबंधात काय लिहायचं आणि काय नाही ते आपोआप ठरेल.

ग्रामसेवक किंवा तलाठ्याला बरोबर घेऊन फिरू नका. ग्रामपंचायतीला पत्र द्या, सरपंचांना भेटा, बस. सरकारी माणूस बरोबर दिसला की तुम्ही योजनेचे लोक ठरता. मग वय वाढतं, जमीन कमी होते आणि मुलं सांभाळेनाशी होतात. ‘या माहितीतून कोणाचा पगार चालू होणार नाही, कोणाचा बंदही होणार नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच म्हणा (निराधारच्या पैशाला गावात पगारच म्हणतात), आणि शेवटी पुन्हा एकदा.

भाषेचं थोडक्यात. प्रश्नावली प्रमाण मराठीत छापा, पण अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी अशा ज्या पट्ट्यात जाणार तिथल्या बोलीतलं वाक्य प्रत्येक प्रश्नाखाली लिहून ठरवून ठेवा. सर्वेक्षकाने जागेवर भाषांतर केलं की पाच सर्वेक्षकांच्या पाच प्रश्नावल्या होतात. ‘भूक लागस का? झोप येस का?’ एवढं सोपं असलं की उत्तर लगेच येतं. सातपुड्यात शाळेतल्या पोराला दुभाषा करू नका, त्या बोलीचा प्रशिक्षित सर्वेक्षकच हवा.

मापनश्रेणींबद्दल. रोजच्या हालचालींसाठी कॅट्झची सहा कामांची यादी (अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मल-मूत्रावर ताबा, जेवण) इथे नीट चालते, फक्त शौचाच्या प्रश्नात ‘घरात संडास आहे का, नसेल तर किती लांब’ हे जोडा. लॉटन-ब्रॉडीची आठ कामांची यादी मात्र जशीच्या तशी लावली की गोंधळ. स्वयंपाक, धुणं, झाडलोट येत नाही म्हणून गावातले निम्मे म्हातारे ‘परावलंबी’ ठरतात, तर बँकेचं काम कधी केलंच नाही म्हणून म्हाताऱ्या. प्रत्येक कामाला तीन उत्तरं ठेवा: करतो, करू शकतो पण करत नाही, करूच शकत नाही. फक्त तिसरं मोजा. स्मृतीच्या चाचणीत नेहमीची एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) निरक्षर माणसाला अन्याय करते, वाक्य लिहा, आकृती काढा यात गुण जातात. त्याऐवजी बल्लभगढच्या अभ्यासात निरक्षरांसाठी बेतलेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, म्हणजे एचएमएसई, घ्या आणि मराठी-अहिराणीत आधी तपासून मगच वापरा. मनःस्थितीसाठी १५ प्रश्नांची जीडीएस (जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, वृद्धांमधलं नैराश्य मापणारी) पुरे, तिची उत्तरं हो-नाहीत येतात हा मोठा फायदा. पाच पायऱ्यांची ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ श्रेणी काढून टाका. आधी हो की नाही, मग ‘थोडं की फार’, असं दोन पावलांत विचारा. एक ते दहाचा आकडा हवाच असेल तर तुरीचे दहा दाणे समोर ठेवा आणि ‘यातले किती’ असं विचारा.

पैसा आणि काम हे दोन भाग मोठ्या पाहण्यांवरून उचलले तर हमखास रिकामे येतात. ‘तुमचं मासिक उत्पन्न?’ याला ‘काही नाही’ हेच उत्तर. त्यापेक्षा सातबारा कोणाच्या नावावर आहे, वाटणी झाली का, झाली तर स्वतःसाठी काही राखलं का, पगाराचे पैसे कोण काढून आणतं, अंगठा लागतो का की यंत्र नाकारतं, आणि गेल्या महिन्यात कोणाला न विचारता स्वतःच्या हाताने किती खर्च केले, हे विचारा. आयुष्यभर राबलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. मग खातं आहे, पैसे जमा आहेत, तरी हातात नाहीत. हे तुमच्या प्रबंधातलं स्वतंत्र प्रकरण होऊ शकतं. कामाचंही तसंच. ‘आता काही करत नाही’ म्हणणारी बाई सकाळपासून नातू सांभाळते, शेळी चारते, शेंगा फोडते. काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं, असं क्रमाने वदवून घ्या आणि नंतर वर्गवारी करा.

नमुना. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे दहा टक्क्यांच्या जवळ होते. नंदुरबारची लोकसंख्या तरुण, तिथे कमी धरा. मतदार यादीवरून निवड करू नका, तिच्यात वारलेले आणि सुरतेला स्थायिक झालेले तसेच राहतात. आशाताईंच्या नोंदवहीवरून घरांचा नकाशा मिळतो, तो घ्या, पण घरयादी स्वतः करा. साधं गणित: साठ घरांचा एक तुकडा, घरी साडेचार माणसं म्हणजे २७०, त्यात सत्तावीसच्या आसपास ज्येष्ठ. त्यातून दहा चिठ्ठीने. दहा गावांत वीस-वीस घेण्याचा मोह होईल, प्रवास वाचतो म्हणून. पण एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. हे साम्य (गटांतर्गत सहसंबंध) ०.०५ एवढं जरी धरलं तरी दहा गावांतल्या २०० मुलाखती १०३ जणांच्या साध्या नमुन्याएवढ्याच मोलाच्या राहतात आणि टक्केवारीत पावणेदहा टक्के इकडे-तिकडे होतं. वीस गावांत दहा-दहा घेतले तर त्या १३८ च्या तोलाच्या होतात आणि फरक सव्वाआठवर येतो. म्हणजे २०० च्या नमुन्यात तीन जिल्ह्यांची परस्पर तुलना करायला जाऊ नका, आकडे ते ओझं पेलणार नाहीत. जिल्ह्यांऐवजी पट्टे घ्या: तापीकाठचा बागायती (रावेर, यावल, चोपडा), कोरडवाहू (पारोळा, अमळनेर, शिंदखेडा) आणि सातपुड्यातले पाडे (धडगाव, अक्कलकुवा). पाड्यावरची घरं विखुरलेली, तिथल्या घरयादीला सपाटीच्या दुप्पट वेळ धरा. घरातून एकच ज्येष्ठ घेणार असाल तर त्या घरात किती होते तो आकडा लिहा आणि तेवढं वजन द्या, नाहीतर एकटे राहणारे फुगतात आणि जोडपी दबतात.

ज्या राष्ट्रीय पाहणीवरून प्रश्न घेतले आहेत ती लासी (लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) असावी. तिची पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांची. तिचे आकडे राज्यापर्यंतच बोलतात, जिल्ह्याबद्दल नाही. तुलना करायची असेल तर प्रश्नाचे शब्द आणि कालावधी (‘गेल्या आठवड्यात’, ‘गेल्या वर्षात’) तेच ठेवा. बदललेत तर तुलना सोडा. आणि एकाच वेळच्या पाहणीतून ‘वय वाढतं तसं अमुक होतं’ असं लिहू नका. तुमचे ऐंशीचे लोक हे ऐंशीपर्यंत टिकलेले लोक आहेत, साठीच्यांचं भविष्य नव्हेत.

मूळ प्रश्न चाचण्यांचा होता. भारित टक्केवारी, काय-वर्ग आणि एखादं लॉजिस्टिक प्रतिमान, त्यात गावाचा गट लक्षात घेऊन काढलेली प्रमाणचूक, एवढं २०० ला पुरतं. उत्तर नसल्याचा संकेत ९८-९९ ठेवू नका, तो वयाच्या रकान्यात शिरतो आणि शंभरीला टेकलेले दहा जण तयार होतात. ९९८ ठेवा.

छळाचे प्रश्न विचारणार असाल तर आधी ठरवा की ‘हो’ आल्यावर करणार काय. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा, म्हणजे एल्डरलाइनचा, १४५६७ हा क्रमांक मोठ्या अक्षरात, पण घरच्यांच्या हाती लागणार नाही अशा तऱ्हेने द्यावा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्याखाली पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो, हे सर्वेक्षकाला तोंडपाठ हवं. संमती अंगठ्याने घेतली तर साक्षीदार घरातला नको.

पायलटसाठी वीस मुलाखती पुरतील: दहा बागायती गावात आणि दहा पाड्यावर, त्यातल्या निम्म्या बायका. वेळ ४५ मिनिटांवर गेला तर प्रश्न कापा. आधी कापायचे ते ‘ज्येष्ठांना समाजात मान मिळतो असं वाटतं का’ या जातीचे, त्यांना सगळे एकच उत्तर देतात.